डिस्कॉर्डंटचा अर्थ

लोधिवलीत मी राहायला आले ती शेजारच्या चौक गावाजवळच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी लागली म्हणून. एका शेतकरी घरातल्या दोन खोल्या भाड्याने मिळाल्या. लग्न मी केलं नव्हतं आणि आईवडील गेले होते, त्यामुळे सुट्टीत जावं असं दुसरं गावही उरलं नव्हतं. घरमालकीण माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. नवरा लवकर गेलेला, एकुलता एक मुलगा पनवेलला नोकरीला. माझ्या आणि तिच्या खोलीत एकच भिंत. मी तिला वहिनी म्हणायचे, ती मला बाई म्हणायची.

भजनात मला तिनेच नेलं. मी कपडे वाळत घालताना गुणगुणत होते ते तिने ऐकलं. म्हणाली, "बाई, गळा हाय तुमाला. गुरुवारी देवळात चला माज्यासंगं."

मारुतीच्या देवळात दहा-बारा बायका जमायच्या. वहिनी अभंग सुरू करायची आणि वरच्या पट्टीतली ओळ मी उचलायची, असं हळूहळू ठरूनच गेलं. पंधरा वर्षं ते तसंच चाललं. शाळेत मी मॅडम होते, गावात भाडेकरू. देवळात मात्र पेटीच्या उजव्या हाताची जागा माझी होती. मला यायला उशीर झाला तर तिथे कुणी बसायचं नाही.

मग थायरॉइडचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात तीन दिवस वहिनीच माझ्यापाशी होती. डॉक्टरांनी सांगितलं, आवाजाच्या नसेला थोडा ताण पोचलाय, वरचा आवाज परत येईल किंवा येणार नाही. दोन महिन्यांत शिकवण्यापुरता आवाज आला, जरा घोगरा. गाऊन पाहायचा धीर मला झाला नाही. एका गुरुवारी तशीच देवळात गेले.

माझी ओळ आली. आवाज चढला आणि मध्येच फाटला. नंतर नुसती हवाच आली. पेटीवालीची बोटं क्षणभर थांबली. कुणी हसलं नाही. वहिनीने माझ्याकडे न बघता तिच्या हातातली झांज माझ्या हातात दिली आणि माझी ओळ स्वतः उचलली. तो अभंग संपेपर्यंत मी झांज वाजवली. मग ती खाली ठेवली, डोकं दुखतंय म्हणाले आणि घरी आले.

पुढच्या गुरुवारी मी पेपर तपासायचे आहेत असं सांगितलं. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. तिसऱ्या वेळी तिने विचारलंच नाही. संध्याकाळी सहाला तिच्या दाराची कडी वाजायची, चपला अंगणातून जायच्या, आणि मी आत जे हातात असेल ते धरून बसायची. भांडण झालं असतं तर बरं, निदान बोलणं तरी झालं असतं. आधी तिच्याकडून वाटी यायची, माझ्याकडून वाटी जायची, तेही थांबलं. शाळेचा शेवटचा तास संपला की दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या तासापर्यंत तोंडातून एक शब्दही निघायचा नाही, असे दिवस जायला लागले. एका रविवारी कुठल्याशा पार्सलवाल्याचा चुकून फोन आला. त्याला हवा असलेला पत्ता मला ठाऊक नव्हता, तरी मी त्याच्याशी बराच वेळ बोलत राहिले. शेवटी त्यानेच फोन ठेवला.

पावसाळा संपता संपता दहावीच्या वर्गात एका उताऱ्यात 'डिस्कॉर्डंट' हा शब्द आला. इतकी वर्षं मी करायची तेच केलं. फळ्यावर 'बेसूर' लिहिलं आणि पुढच्या ओळीकडे वळले. पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला.

"मॅडम, हा शब्द फक्त गाण्यालाच वापरायचा का?"

"हो," असं म्हणणार होते, पण खात्री वाटेना. "उद्या सांगते," म्हणाले.

घरी येऊन कपाटावरचा जाड शब्दकोश काढला. बेसूर हा अर्थ होताच. पण न जुळणारी मतं, एकमेकांशी न पटणारे रंग, घरातला विसंवाद, या सगळ्यालाही तो चालत होता. शेवटी बारीक अक्षरात त्याचं मूळ दिलं होतं. लॅटिनमधलं. 'डिस' म्हणजे वेगळं, 'कोर' म्हणजे हृदय. एकमेकांपासून वेगळी झालेली मनं. त्यात गळा कुठेच नव्हता. मी बराच वेळ त्या पानावर बोट ठेवून बसले.

दुसऱ्या दिवशी वर्गात ते सगळं सांगितलं. मुलांनी उदाहरण मागितल्यावर मी म्हणाले, एका घरात राहणारी दोन माणसंही अशी असू शकतात.

"भांडली का ती, मॅडम?" त्याच मुलीने विचारलं.

"नाही. नुसती गप्प झाली."

त्या संध्याकाळी मी वहिनीचं दार वाजवलं. ती भिजवलेले वाल सोलत बसली होती. माझ्याकडे बघून तिने ताट जरा पुढे सरकवलं. मीही बसून सोलायला लागले. मूठभर वाल झाल्यावर विचारलं, "त्या दिवशी झांज का दिलीत?"

"आवाज फाटला तुमचा. बायांसमोर तुमची शोभा नको व्हायला. मला तेवडंच सुचलं."

"मग मला बोलवायला का नाही आलात?"

"तुमी दार लावून घेतलंत, बाई. शिकलेल्या मानसाच्या दाराची कडी मी कशी वाजवू? वाटलं, आमच्यात आता नाय बसायचं तुमाला."

"मला वाटलं, तुम्हालाच मी नको आहे."

वाल सोलून झाले, ते तिने दोन भांड्यांत केले आणि एक माझ्याकडे दिलं.

पुढच्या गुरुवारी मी गेले. पेटीच्या उजव्या हाताला आता पोलीस पाटलांची सून बसत होती. ती उठायला लागली तर मीच तिला बसवलं आणि मागे भिंतीला टेकले. वरचा आवाज परत आला नाही. खालच्या पट्टीत सगळ्यांबरोबर म्हणायला शिकले. ते जमलं, पण पूर्वीचा आनंद त्यात नव्हता, हेही खरं. पहिले काही महिने ती वरची ओळ आली की मी डोळे मिटून घ्यायची.

गेल्या वर्षी वहिनीच्या मुलाने पनवेलला मोठी जागा घेतली आणि तिला घेऊन गेला. तिच्या खोलीत आता एका गोदामातला सुपरवायझर राहतो. सभ्य आहे, दिसला की मान हलवतो. वहिनीचा रविवारी फोन येतो. नातवाच्या शाळेचं सांगते, तिथल्या भाज्यांना चव नाही म्हणते, आणि शेवटी विचारते, "जेवलात का, बाई?"

मी हो म्हणते. कधी ते खरं असतं, कधी नसतं.