चवथीचा पाट

आमच्या मये गावात चंद्रावती गावसला सगळे ‘वाटप खातं’ म्हणतात. तिच्या घरातून वस्तू बाहेर पडते ती लेक सासरी पाठवावी तशी, चौकशी करून आणि बजावून. जुनी लुगडी वाकळीला, बाटल्या भंगारवाल्याला, प्लास्टिक धुऊन-वाळवून पंचायतीच्या गाडीला. मला तिने एकदा एक कदेल दिलं, म्हणजे खुर्ची, आणि मग मी ती नीट वापरते की नाही हे बघायला सारखी येऊ लागली. शेवटी वैतागून मी तिलाच त्या खुर्चीवर बसवलं आणि चहा दिला.

तिच्या परेशला मोप्याच्या विमानतळावर नोकरी लागली आणि पाठोपाठ लग्न ठरलं. सुनेसाठी जागा मोकळी करायची म्हणून हिने माळ्यावरचं सगळं उतरवलं. त्यात पाटांची चळत निघाली. घरात सगळे टेबलावर जेवतात, पाटावर बसणार कोण? तिने सगळे पाट सोड्याच्या पाण्यात घासले, अंगणात वाळवले आणि पार्वतीला देऊन टाकले. पार्वती बेळगावकडची, नवऱ्यासोबत डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आलेली. तिच्या खोलीत बसायला काही नव्हतं.

त्यातला एक पाट गणपतीचा होता. आमच्याकडे चवथीच्या कितीतरी आधी घरचा पाट मूर्तिकाराकडे पोचवतात, तो त्याच पाटावर मूर्ती घडवतो. एरवी त्यावर चुकून कोणी बसू नये म्हणून तो माळ्यावर पालथा ठेवलेला असतो. पालथा असणं आणि कुंकवाचा डाग, एवढ्यावरच ही तो ओळखायची. हिने घासून डाग घालवला आणि वाळत घालताना सगळेच पाट पालथे घातले. स्वच्छतेचा अतिरेक, दुसरं काय!

हे तिला कळलं ते कृष्णनाथभावजींनी विचारल्यावर. हे तिचे थोरले दीर, शेजारच्याच दारात राहतात. गणपती दोन्ही घरांचा एकच, आणि पाट सांभाळायचं काम सासूने जाताना हिच्यावर सोपवलेलं.

“पाट पावयलो काय ना गो?”

“फाल्यां पावयतां, भावजी,” असा उद्याचा वायदा करून ती माळ्यावर चढली, तर माळा रिकामा.

बाईचं जेवण सुटलं. रोज सकाळी भावजींचा तोच प्रश्न, रोज हिचं तेच उद्या. भावजींचं हृदय नाजूक. ते नुसते खोकले तरी ही पाण्याचा तांब्या घेऊन धावायची. माझ्याकडे यायची, पण बसायची नाही. “सासूमांयन म्हज्या हातांत दिल्लो गो,” एवढंच पुन्हा पुन्हा. मला तर तिचा राग यायचा. जा आणि मागून आण की! पण दिलेलं परत मागायची तिला लाज वाटत होती. त्याहून मोठी भीती ही, की त्या पाटावर कोणी बसलं असेल, तर तो आणून तरी काय उपयोग?

अखेर मीच तिला रिक्षात घातलं. पार्वती दारातच भेटली. त्यात एक पाट वेगळा होता, असं मीच म्हटलं.

“तो जाडा पाट व्हय मावशी? तो गणपतीला दिलाय की! सगळ्यांत चांगला तोच होता. यंदा गावाला जायला जमत नाही, म्हटलं हितंच बसवूया.”

तिथून तडक गुरुदास मूर्तिकाराच्या चित्रशाळेत; गावसांची मूर्तीही तोच करतो. पाट समोरच होता. त्यावर वीतभर उंचीचा ओला गणपती, अजून डोळे न रेखलेला. चंद्रावतीने दाराची चौकट धरली.

“पाट वळखलो हांवें,” गुरुदास म्हणाला. “म्हटलें, तूंच धाडलो. पूण ती बाय म्हणाली, घर बुटकें, ल्हान करात. तुका जाय जाल्यार मूर्ती दुसऱ्या पाटार बसयतां. पूण माती ओली आसा, तडो वचूं येता.”

ती त्या मातीकडे बघत राहिली. मग मला हळूच म्हणाली, “आजमेरेन जें नाका तेंच दिलें गो हांवें.” आजवर नको होतं तेच दिलं म्हणे! मला माझी खुर्ची आठवली.

“रावूं दी,” तिने गुरुदासला सांगितलं. “आमी नवो पाट धाडटांव.”

परतल्यावर रिक्षातून उतरून ती थेट शेजारच्या दारात गेली. भावजी सोप्यावरच बसले होते. आज त्यांनी विचारायच्या आधीच हिने सांगून टाकलं, की पाट घरात नाही, दुसऱ्यांचा गणपती त्यावर बसलाय. भावजींचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता हे कोसळतात. पण ते छातीवर हात ठेवून, जणू तिलाच वाट काढून देत म्हणाले, “चुकीन गेलो न्हय गो?”

हो म्हण बाई, मी मागून डोळ्यांनी खुणावत होते. एका शब्दात माफी मिळाली असती.

“ना भावजी,” ती म्हणाली. “दिलो.”