बाहेरचं व्हर्जन चालणार नाही

गोदामात रिकामी खोकी कुणी मुद्दाम जमवत नाही. आज एक दाराआड सरकवलं, उद्या दुसरं, आणि एक दिवस दारच उघडत नाही. आमच्या कॉम्प्युटर रूमच्या किश्श्यांचं तसंच झालंय. मैत्रिणी विचारतात, तुमच्याकडे कामं कधी होतात गं? होतात हो! पण लक्षात राहतं ते भलतंच.

गोदाम भिवंडीजवळ, अंजूरच्या वाटेवर आहे आणि आमची खोली त्याच्या पोटमाळ्यावर. माणसं तीन: जोगळेकर सर, विनायक म्हात्रे आणि मी. खालचा पॅकिंगचा मजला इरफानभाईंकडे. ते आमच्या खात्यातले नाहीत, पण चहाच्या वेळी वरच असतात, म्हणून आमच्यातच धरायचे. आमची सगळी मशीनं लिनक्सवर चालतात आणि त्यांच्यावर सरांचा एकच कायदा चालतो: बाहेरचं चालणार नाही.

ज्यांचा या भानगडीशी संबंध नाही, त्यांच्यासाठी सांगते. लिनक्स ही विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली. ती पुरवणारी मंडळी तपासलेली, सही केलेली सॉफ्टवेअर एका भांडारात ठेवतात. त्याला रिपॉझिटरी म्हणतात. तिथलं व्हर्जन थोडं जुनं असतं, पण पोटाला बाधत नाही. अगदी नवंकोरं हवं असेल तर इंटरनेटवरून आपलं आपण आणून बसवायचं. ते झालं बाहेरचं. सर जेवणाच्या बाबतीतही असेच. त्यांच्या पिढ्या भिवंडीत गेल्या, पण नाक्यावरचा वडापाव खाताना त्यांना कुणी पाहिलेलं नाही; खायचं ते घरच्या डब्यातलंच.

*

विनायकचं बरोबर उलट. त्याला सगळं ताजं लागतं. एकदा त्यानं फोटो बघायच्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन बाहेरून आणलं. त्याला एक नवी लायब्ररी लागली, म्हणजे सॉफ्टवेअर ज्याच्या आधारानं चालतं तो सुटा भाग. त्या लायब्ररीला आणखी एक लागली. असं करत करत पठ्ठ्यानं मशीनच्या मुळाशी असलेली लायब्ररीच बदलून टाकली. संध्याकाळी फायलींची यादी दाखवणारी साधी कमांडही चालेना. मशीन गपगार.

विनायक अंजूरचा, घरची शेती असलेला. घाबरला की त्याची गावची बोली बाहेर येते. "सर, काहीच चालत न्हाय," म्हणाला.

सरांनी चष्मा पुसला, मशीनकडे पाहिलं आणि विचारलं, "फोटो कसे दिसतायत पण?"

*

तरी तो सुधारला नाही. पुढं त्यानं कुणा परदेशी पोराची खासगी रिपॉझिटरी आमच्या मशीनला जोडली. तो पोरगा रोज नवी व्हर्जनं तयार करून ठेवायचा. विनायक खूश, आम्ही गाफील. एक दिवस अपडेट अडकलं, कारण त्या पोराचा सर्व्हरच बंद. विनायकनं त्याला ईमेल केलं. उत्तर आलं, मला मुलगी झाली आहे, आता हे बघायला वेळ नाही, माफ करा.

सरांनी ते ईमेल दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले की कुणाच्या घरी पाळणा हलला की आपलं गोदाम थांबतं, अशी व्यवस्था बरी नव्हे. इरफानभाई चहा फुंकत होते. त्यांना या सगळ्यात एकच गोष्ट खटकली होती.

"पहले मुबारकबाद तो भेजो बेचारे को," ते म्हणाले.

ती आम्ही पाठवली. खाली सरांचंही नाव होतं.

*

सरांच्या कायद्यात एक पळवाट आहे, हे आम्हाला ईदला कळलं. इरफानभाईंनी घरून शीरखुर्मा आणला होता. मला आणि विनायकला वाटीत वाढला. सरांपुढे ते नुसते उभे राहिले. भाईंच्या अम्मींनी सरांसाठी म्हणून बदाम जास्त घातले होते, आणि नाही म्हणायला सरांची जीभ उचलेना. कायदा तर मोडायचा नाही.

सरांनी आपला रिकामा स्टीलचा डबा काढला, धुऊन आणला आणि त्यात शीरखुर्मा ओतून घेतला. वास घेऊन पाहिला. झाकण लावलं. क्षणभरानं झाकण उघडलं आणि चमच्यानं खायला लागले. आम्ही तिघं बघतच राहिलो.

"आता डब्यातलं आहे," सर म्हणाले.

शेवटचा बदाम त्यांनी बोटानं निपटून खाल्ला. मला तेव्हा हा माणूस फार आवडला.

*

खंडेनवमीला आमच्याकडे मशीनांची पूजा होते. विनायकनं झेंडूच्या माळा घातल्या आणि हौसेनं प्रत्येक कीबोर्डला हळदकुंकू लावलं. सर्व्हरवर सकाळीच अपडेट सुरू करून ठेवलं होतं. नारळ फुटला आणि त्याच वेळी स्क्रीनवर प्रश्न आला: पुढे जाऊ का? हो किंवा नाही.

आता पूजेला ठेवलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नसतो. विनायकच्या घरी कोयतासुद्धा दुसऱ्या दिवशीपर्यंत हलत नाही. सर म्हणाले, बरोबर आहे, नको हात लावायला. अपडेट अर्धवट, म्हणून पार्सलांवरची पत्त्यांची लेबलं छापणं बंद. इरफानभाईंनी खालून आरडाओरडा केला, मग वर येऊन माळा पाहिल्या आणि मुकाट्यानं खाली गेले. त्यांच्या बापजाद्यांनी यंत्रमागावर आयुष्य काढलेलं, त्यांना हे समजवावं लागत नाही. दिवसभर त्यांच्या माणसांनी मार्करनं हातानं पत्ते लिहिले आणि वर सर्व्हर बिचारा विचारत राहिला, पुढे जाऊ का?

दसऱ्याच्या सकाळी सरांनी बटण दाबलं. होकाराच्या बटणावरचं कुंकू अजून आहे.

*

आता हा किस्सा. सांगताना हसू येतं, पण तेव्हा आलं नव्हतं.

दसरा झाला आणि हेड ऑफिसनं नवे लेबल प्रिंटर पाठवले. आमच्या रिपॉझिटरीतलं छपाईचं सॉफ्टवेअर जुनं, त्याला हे प्रिंटर ओळखूच येईनात. कोरी लेबलं बाहेर पडत होती. नवं व्हर्जन ते बनवणाऱ्यांच्या साइटवर होतं, पण रिपॉझिटरीत यायला दिवाळी उलटली असती. हेड ऑफिसचा निरोप स्पष्ट होता: दिवाळीच्या गर्दीआधी लेबलं निघाली नाहीत, तर कॉम्प्युटरचं काम मुंबईला जाईल आणि ही खोली बंद. वर ऑडिटचा नियमही त्यांचाच. सही असलेल्या रिपॉझिटरीतून न आलेलं काहीही मशीनवर सापडलं, तर त्यावर लाल खूण.

सरांची निवृत्ती जवळ आली होती, त्यांचं फार काही गेलं नसतं. विनायक आणि मी कंत्राटावर. मला रात्री झोप लागत नव्हती, खोटं कशाला बोलू. विनायकचं दुःख त्याहून जुनं. हे गोदाम त्यांच्याच जमिनीवर उभं आहे. माझी खुर्ची वांग्याच्या वाफ्यावर हाय, असं तो नेहमी हसत सांगायचा. त्या दिवशी मात्र हसला नाही.

"जमीन गेली तवा नोकरी तरी लागली," तो म्हणाला. "आता नोकरी गेली तं काय लागंल?"

त्यावर सरांनी विनायकला बाहेरचं नवं व्हर्जन आणायला सांगितलं. आम्हाला ऐकून धक्काच बसला! पण त्याबरोबर दुसरी एकही लायब्ररी हलता कामा नये, आपल्या जुन्या मशीनवर बसेल असंच जुळवून बांधायचं, अशी तंबी होती. विनायकनं ते बांधलं, सरांनी खोट काढली, त्यानं पुन्हा बांधलं. मग सरांनी ते कोपऱ्यातल्या अडगळीच्या मशीनवर चढवलं आणि तपासायला बसले. लहान लेबल, मोठं लेबल, मराठी पत्ते, हिंदी पत्ते. इरफानभाईंनी छापताना मुद्दाम प्रिंटरची वायर काढून पाहिली. परत लावल्यावर लेबलं नीट निघाली. शेवटी सरांनी त्याच मशीनवर एकट्यानं काहीतरी खटपट केली. आम्हाला जवळ येऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाकीच्या मशीनांवर नेहमीसारखं अपडेट आलं. नवं व्हर्जन आपोआप चढलं आणि लेबलं धडाधड निघाली.

ऑडिटच्या मॅडम आल्या. विनायक भिंतीला टेकून उभा, मी पदर पिळत. मॅडमनी तपासणी चालवली. एकेक ओळ हिरवी होत गेली. लेबलच्या ओळीवर त्या थांबल्या. तीही हिरवीच होती.

"हे व्हर्जन तर अजून कुठेच आलेलं नाही. ही कुठली रिपॉझिटरी?"

"आमची," सर म्हणाले. "इथल्या इथे तपासलंय. सही माझी आहे."

मॅडमनी सही तपासली. सगळं नियमात होतं, कारण रिपॉझिटरी कुणाची असावी हे त्यात लिहिलेलंच नव्हतं. त्यांनी शेरा लिहिला, फाईल मिटली आणि मग स्क्रीनवरच्या नावावर बोट ठेवलं.

"आणि हिचं नाव डबा का?"

जिन्यात उभे असलेले इरफानभाई हसू दाबत तिथेच खाली बसले. सरांनी घड्याळ पाहिलं.

"जेवायची वेळ झाली," म्हणाले. "चला, हात धुऊन या."