फाटका शर्ट

संप सुरू होऊन वर्ष उलटलं, तरी आमच्या लालबागच्या चाळीतले समोरच्या खोलीतले काका रोज सकाळी सहाला दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत उभे राहत. गिरणीत माग चालवायचे ते. बोलता बोलता "काय वैनी?" विचारत आणि माझ्या उत्तराची वाट न बघता पुढे बोलत.

लेकीच्या शाळेने संपकऱ्यांच्या घरांसाठी तांदूळ गोळा करायचं ठरवलं. मुलांनी फॅन्सी ड्रेस करून, वाटीभर तांदूळ घेऊन यायचं. आमच्या लेकीला बाईंनी गिरणी कामगार केलं. मी हौसेने जुना शर्ट फाडला, बाह्या लोंबत्या ठेवल्या, गालांना काजळ फासलं.

तशी ती गॅलरीत गेली आणि नेमकी काकांसमोर उभी राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांच्यासाठी तांदूळ, त्यांचंच सोंग काढलं होतं मी.

काका रागावले नाहीत. "लोंबती बाही मागाच्या पट्ट्यात अडकली तर हात जाईल, काय वैनी? मुकादम आत घेणार नाय हिला." त्यांनी सुईदोरा मागून घेतला. फाटलेलं शिवलं, बाह्या कोपरापर्यंत घट्ट दुमडल्या, तिला तोंड धुवायला लावलं. मग आपल्या खिशातला गेटपास काढून तिच्या खिशात ठेवला.

"संध्याकाळी आठवणीनं परत दे हां, बाय," ते म्हणाले. "उद्या भोंगा वाजला तर मला लागेल."