जादूगाराची मुलगी

"सुनंदा गेली," तिच्या नवऱ्याचा, विश्वासरावांचा फोन आला. मी काही बोलायच्या आतच ते पुढे म्हणाले, "शैलाताई, एक समाधान आहे. शेवटपर्यंत तिला काही कळू दिलं नाही आम्ही." नंतर अंधेरीच्या घरी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते हेच सांगत होते आणि लोक मान डोलावत होते. मी कोपऱ्यात दात आवळून बसले होते.

आम्ही दोघी एकाच कॉलेजात. मी मराठी शिकवायचे, ती इंग्रजी. युरोपातल्या प्रबोधनकाळातलं, चारशे वर्षांपूर्वीचं एक नाटक दरवर्षी तिच्या वाट्याला यायचं. राज्य गमावलेला जादूगार आपल्या मुलीला घेऊन एका बेटावर राहतो, मंत्राच्या जोरावर सगळ्यांना तालावर नाचवतो आणि शेवटी शत्रूंना माफ करून जादू सोडून देतो. जुने समीक्षक त्याला थोर, क्षमाशील बाप म्हणत. नवे म्हणत, कसला थोर, बेट दुसऱ्याचं, यानं ते बळकावून मूळ मालकाला गुलाम केलं. सुनंदाला नव्यांचं पटायचं, पण तेवढ्यावर तिचं भागायचं नाही. "अगं, मुलीकडे कुणी बघतच नाही," डबा खाता खाता ती तावातावानं म्हणायची. "तिला किती सांगायचं ते बाप ठरवणार. तिनं जास्त विचारलं की मंत्र टाकून झोपवणार. आणि सगळं प्रेमानं हां! गुलामाला निदान शिव्या तरी देता येतात. हिनं कुणाला द्यायच्या?" तिनं यावरचा लेख एका चर्चासत्रात वाचला, तेव्हा अध्यक्षांनी हसून त्याला 'घरगुती वाचन' म्हटलं. फार लागलं होतं तिला ते.

आणि मग तिच्याच घरात... पोटात गाठ निघाली, पसरलेली. डॉक्टरांनी विश्वासरावांना बाजूला घेऊन सांगितलं, त्यांनी मुलाला आणि मला. तिला मात्र आतड्याला सूज आहे, वेळ लागेल, एवढंच. रिपोर्टांची फाइल माळ्यावर गेली. माणूस वाईट नाही हो. जिवापाड केलं त्यांनी तिचं. पण तिला एकदा वेंगुर्ल्याला आईकडे जायचं होतं. म्हातारीला इकडे येणं झेपत नाही. विश्वासराव म्हणायचे, "बरी झालीस की दिवाळीत जाऊ." दिवाळी तिला दिसणार नाही, हे तिच्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं. मला ते सहन होईना.

श्रावणात एका दुपारी ते शहाळं आणायला खाली उतरले. तिनं माझा हात धरला. "शैला, तू तरी मला झोपवू नकोस गं." मी सांगितलं. सगळं. ती म्हणाली, "यांना बोलू नकोस हं. मला काही माहीत नाही, एवढ्यावरच उभे आहेत ते."

मी चिडले. "आणि आई? आता तरी हट्ट धर ना. गाडी करून जाऊ."

"हट्ट धरला की त्यांना कळेल."

"मग इतकी वर्षं वर्गात काय शिकवलंस?"

"भांडायला ताकद लागते गं. दमलेय मी." मग म्हणाली, "मी गेल्यावर सांग त्यांना. तोंडानं नाही जमलं तर लिही."

गणपतीत मी भेटायला गेले, तेव्हा विश्वासराव तिला मोबाइलवर दिवाळीचं रेल्वेचं तिकीट दाखवत होते. तिनं चष्मा लावून ते नीट पाहिलं. "अहो, खालचा बर्थ मिळाला ना? मला वर चढवत नाही." ते हसले आणि खिडकीकडे वळून त्यांनी डोळे पुसले. पितृपक्षात ती गेली.

तोंडानं सांगायला मी दोनदा गेले. दोन्ही वेळा चहा घेऊन परतले. म्हणून लिहिते आहे. विश्वासराव, तिला माहीत होतं. बर्थ विचारला तेव्हाही माहीत होतं. रागावा माझ्यावर, पण एक ऐका. वेंगुर्ल्याला तिच्या आईला तुम्ही अजून काहीच कळवलेलं नाही. सुनंदाला सध्या प्रवास झेपत नाही, दिवाळीत येऊ, असंच फोनवर सांगताय. म्हातारी दिवाळीची वाट बघत बसलीय. ते तिकीट रद्द करू नका. जा, आणि तिच्यासमोर बसून सांगा.