मामाचा आरसा

माझा मामा न्हावी. त्याचा जन्म गिऱ्हाइकाच्या मागे उभं राहून आरशातल्या तोंडाशी बोलण्यात गेला, त्यामुळे समोरासमोर माणूस आला की त्याची दातखीळ बसायची. मामीशीही तो घरच्या आरशातूनच बोलायचा. ती आरशापुढे भाजी निवडत बसायची आणि हा मागून तासभर गप्पा हाणायचा, भांडायचा, तिच्या गालावरच्या तिळाचं कौतुकही करायचा. मला वेड लागायची पाळी यायची, पण त्यांचा संसार सुखाचा होता!

दुकान कायमचं बंद करून मामा घरी बसला आणि नेमका घरचा आरसा फुटला. मामाची बोलती बंद झाली. जेवण सुटलं, झोप उडाली. डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?" मामा ढिम्म. नवा आरसा तालुक्याहून यायला आठवडा लागणार होता.

शेवटी मामीनं स्टीलचं ताट लख्ख घासून त्याच्यापुढे धरलं. "हं, बोला आता."

मामा ताटात बघून कळवळला. "अगं, किती वाळलीस तू!"

"अहो, ते तोंड तुमचं आहे. मी ताटामागे आहे."

मामानं ताट हळूच खाली केलं. जन्मात पहिल्यांदाच त्यानं तिच्याकडे समोरून बघितलं.

"अगं," तो म्हणाला, "तुझा तीळ या गालावर कधी आला?"