जागा धरणारे गोटे

डांबरी रस्त्यावर ज्वारी वाळत घातलेली दिसली, की ती घटना आजही आठवते. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच. लिहिण्याची सवय नाही. नीट मांडता येईल की नाही, कोण जाणे.

तेव्हा मी बाजारहत्नूरकडच्या एका पोलीस ठाण्यात फौजदार होतो. ऐन कापणीत पाऊस येऊ लागल्यापासून खळ्यांत चिखल असायचा. म्हणून लोक अर्ध्या रस्त्यावर ज्वारी पसरत आणि गाड्या अंगावर येऊ नयेत म्हणून कडेने गोटे मांडत. आभाळ भरून आले की ज्वारी गोळा करून पळत. गोटे मात्र तिथेच ठेवत, उद्याची जागा धरायला.

अशाच एका पावसाळी संध्याकाळी गावातला एक तरुण मोटारसायकलवरून पडून मेला. लारीने उडवले, असे सारे गाव म्हणाले. मी अज्ञात लारीचालकाविरुद्ध गुन्हा नोंदवला. मुलाचा बाप रोज ठाण्यात येऊन बाकावर बसे.

"लारी सापडली काय, साहेब?"

"शोधून राह्यलो, काका."

मग चौकातल्या चहावाल्याने हळूच सांगितले, "त्या वक्ताले लारी गेलीच नाई, साहेब."

मी मोटारसायकल पुन्हा तपासली. पुढचे चाक समोरून आत दबले होते; लारीचा ओरखडा कुठेच नव्हता. पंचनाम्यात मात्र रस्ता मोकळा लिहिलेला, एरवी रात्रीही असणाऱ्या गोट्यांची नोंदच नाही. लारी पाहिली असे सगळ्यात आधी सांगणाऱ्या, बापाच्या शेजाऱ्याला मी चौकशीला बोलावले. तो लारीचेच सांगत राहिला.

"लारीचा रंग कोणता?"

त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"गोटे कोणी उचलले?"

"मीनंच."

"काऊन?"

"त्याच्या बापाचेच होते, साहेब. पोरगं तं गेलं. आता बापाले बी मारता काय?"

दुसऱ्या दिवशी बाप आला. मी शब्द जुळवत होतो, तोच म्हणाला, "शेजाऱ्याले बोलावलं म्हणे."

"हो, काका."

"मले मालूम हाये, साहेब. दुसऱ्या दिशी सकाळी जागेवर एक बी गोटा नव्हता. तवाच समजलं. लारी सापडली असती तं बरं झालं असतं."

निष्काळजीपणाचे कलम त्याच्यावर मीच लावले. प्रत्येक गुन्ह्याला एक आरोपी असतो, असे आम्हाला शिकवले होते. त्या दिवसापासून माझा त्यावर विश्वास राहिला नाही.

पुढच्या हंगामात पुन्हा कापणीत पाऊस आला, पुन्हा रस्त्यावर ज्वारी आली. निदान दिसतील म्हणून आम्ही गोट्यांना चुना लावायला सांगितले. लोकांनी लावलाही. एका सरीत तो धुऊन गेला.