मनकर्णाचा न धुतलेला हात

चांदूर बाजारच्या माळीपुऱ्यात एखादी गाय पान्हा चोरू लागली की मनकर्णाला बोलावणं जायचं. काय हात होता बाईचा! लाथाडी गायसुद्धा तिच्या बोटांखाली डोळे मिटून रवंथ करी. रोज पहाटे ती पाच घरची जनावरं दोही. कपाळ गाईच्या कुशीला टेकलं, चरवीत धार वाजू लागली, की तिलाही गुंगी चढे. आपण कोण, कुठं, सगळं विसरे. खोटं नाही सांगत!

एका गोठ्यातून दुसऱ्यात जाताना मात्र ती हात धूत नसे. दुधाचा हात धुतला की बरकत वाहून जाते, असं सासूनं सांगितलेलं. आणि जीव असा मायाळू, की दुखणाईत जनावराकडे आधी जाई.

सन छत्तीसच्या हिवाळ्यात नत्थुजीच्या म्हशीला दगडी झाली. कास तापून टणक, दुधात गाठी. मनकर्णा रोज आधी तिचं नासकं दूध काढी आणि तोच हात घेऊन पुढच्या घरी जाई. महिन्याभरात पाचही गोठ्यांत दगडी शिरली. लोक म्हणाले, नजर लागली. तीही भाबडी, मीठ-मिरच्या ओवाळत फिरली. पार्बताबाई तिची लहानपणची मैत्रीण. तिच्या गाईचं तर एक सड कायमचं आटलं. त्याच दुधावर पार्बताबाईची आईविना नात वाढत होती.

गुरांच्या दवाखान्यातला शालिकराम आला. घरोघरी त्यानं विचारलं, दूध कोण काढतं? पाचही घरी एकच नाव.

"बाई, रोग तुमच्या हातावर बसून फिरून राह्यला," तो हळूच म्हणाला. "निरोगी आधी दोहा, आजारी शेवटी. अन् दर गाईले लाल दवेच्या पाण्यानं हात धुवा."

"माह्या हाताले नावं ठेवता?" मनकर्णा कडाडली. तो जंतू मारणाऱ्या लाल दवेची पुडी ओट्यावर ठेवून गेला.

दुपारभर ती हात मांडीवर घेऊन बसली. डोळा लागल्यासारखा झाला. तिला दिसलं, हात एकटाच निघालाय, दारोदार, आणि गाई त्याला ओळखून विश्वासानं मान पुढं करताहेत. ती दचकून उठली. पुडी घेऊन ती तडक पार्बताबाईकडे गेली.

"पार्बते, नजर नाई लागली वं. तुह्या गाईले मीच रोग देल्ला. या हातानं."

गोठ्यातून गाय हंबरली. मनकर्णाची चाहूल लागताच तिच्या सडांतून दूध ठिबकू लागलं होतं.

"तिले ठावं नाई अजून," पार्बताबाई गाईकडे पाहत म्हणाली.

मनकर्णा मटकन खाली बसली, हुंदके देत. पार्बताबाईनं पाण्याचं घंगाळ तिच्यापुढं आदळलं.

"मंग रडजो. पोरगी भुकेली हाये. हात धू, अन् बस दोयाले."